मंगळावरचा यंत्रमानव आणि खोडदचा कान

ता. १९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्रीं, आठ वाजून गेल्यानंतर, पुणें जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यांत खोडद या गांवीं उभ्या असलेल्या अवाढव्य जाळीदार तबकड्या नैर्ऋत्य दिशेकडे तोंड करून निश्चल उभ्या होत्या. निश्चल म्हटलें तें केवळ पाहणाराच्या डोळ्यांना. वास्तविक त्या प्रत्येक क्षणीं सूक्ष्म गतीनें वळत होत्या, कारण ज्या मंगळावर त्यांचें लक्ष होतें तो मावळतीकडे सरकत होता. त्या मंगळाच्या विरळ हवेंतून एक यंत्र खालीं येत होतें. येतां येतां तें एकसुरी शीळ घालीत होतें, आणि त्या शिळेचा अर्थ एवढाच कीं, “मी अजून आहें, मी अजून आहें.” श्रोतेहो, माझे हे शब्द ज्या रेडिओ लहरींच्या पाठीवर बसून आपणांपर्यंत येत आहेत, त्याच जातीची ती लहर होती. मात्र तिच्यामागची शक्ति घरांतल्या रात्रीच्या दिव्याएवढी, आणि मधलें अंतर सुमारें साडेसतरा कोटि किलोमीटर.

एकाएकीं ती शीळ थांबली.

कां थांबली, आणि तिच्या थांबण्याचा जुन्नर-आंबेगांवच्या शाळकरी मुलांशीं संबंध काय, हें मला आज सांगावयाचें आहे.

जुन्नर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें शिवनेरी येतो, नाणेघाट येतो. आंबेगांव म्हटलें कीं भीमाशंकर येतें. तें योग्यच आहे. नाणेघाटांतील सातवाहनकालीन लेण्यांत यज्ञाच्या दक्षिणेचे आंकडे कोरलेले आहेत. गाई किती, घोडे किती, कार्षापण किती, हें तेथें लिहून ठेविलें आहे, आणि आपल्या देशांत दगडावर कोरलेल्या अति प्राचीन आंकड्यांत त्यांची गणना होते. दोन हजार वर्षांपूर्वीं ज्या मुलखानें खडकावर आंकडे कोरले, त्याच मुलखांत आकाशांतून येणारे संकेत टिपून घेण्याचीं ठाणीं गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत उभीं राहिलीं. हा दुसरा इतिहास आम्ही घरांत सांगत नाहीं.

तो सांगण्यापूर्वीं एका शब्दाविषयीं थोडेंसें बोललें पाहिजे. ‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या नाटकानें जगाला दिला; सुचविला तो त्याच्या भावानें, योसेफनें. चेक भाषेंत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीनें करावें लागणारें काम. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर वेठ. तेव्हां रोबॉट म्हणजे वेठीला धरलेला गडी. मराठींत आपण ‘यंत्रमानव’ असा भारदस्त शब्द केला, आणि मला नेहमीं वाटत आलें आहे कीं तेथेंच थोडी चूक झाली. ‘मानव’ म्हणतांच मुलांच्या डोळ्यांपुढें दोन हात, दोन पाय, चौकोनी डोकें आणि लुकलुकणारे डोळे उभे राहतात. चंद्रावर आणि मंगळावर आजवर जे वेठीचे गडी उतरविले, त्यांत या रूपाचा एकहि नाहीं. कोणाला सहा चाकें, कोणाला तीन-चार पाय, कोणाला नुसतें पोट. त्यांची जात रूपावरून ओळखूं येत नाहीं, कामावरून येते. बाहेरचें माप घ्यावयाचें, तें आपल्यापाशीं दिलेल्या हिशेबाशीं ताडून पाहावयाचें, आणि फरक दिसला कीं आपली हालचाल बदलावयाची. हें ज्याला आपण होऊन करतां येतें तें यंत्र रोबॉट, मग त्याला डोळे असोत कीं नसोत.

आतां १९७० सालाकडे येऊं. त्या वर्षीच्या १७ नोव्हेंबरला सोव्हिएट रशियाची ‘लुनोखोद’ नांवाची आठ चाकांची गाडी चंद्रावर उतरली. परक्या गोलावर चाकांनीं फिरलेलें हें पहिलें यंत्र. गाडींत कोणी नव्हतें. तिचे सारथी पृथ्वीवर पडद्यापुढें बसून तिला हांकीत होते. चंद्रावरून चित्र येण्यास सुमारें सव्वा सेकंद लागे आणि आज्ञा तेथें पोहोंचण्यास तितकाच वेळ. म्हणजे समोर खड्डा दिसला तर तो सव्वा सेकंदापूर्वींचा, आणि ‘थांब’ म्हटलें तर तें ऐकूं जाणार आणखी सव्वा सेकंदानें. तरीहि दहा किलोमीटरांहून अधिक वाट ती गाडी चालली. गाडी पृथ्वीच्या ताब्यांत राहिली याचें कारण एकच कीं चंद्र जवळ आहे.

लुनोखोद चंद्रावर फिरत होती त्याच हिवाळ्याच्या अखेरीस, २६ फेब्रुवारी १९७१ रोजीं, जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाजवळच्या आर्वी येथें देशांतील पहिलें व्यापारी उपग्रह-भूकेंद्र सुरू झालें. सुमारें ३० मीटर व्यासाची तबकडी, आणि तिचें तोंड हिंदी महासागरावर सुमारें ३६ हजार किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाकडे. परदेशचे दूरध्वनि या वाटेनें ये-जा करूं लागले. अहमदाबादेस १९६७ सालीं प्रायोगिक भूकेंद्र उभारून आपल्या अभियंत्यांनीं या कामावर हात बसवून घेतला होता, तो येथें उपयोगीं आला. त्या कामामागें विक्रम साराभाईंची दृष्टि होती. १९७१ च्याच ३० डिसेंबरला ते वारले, आणि आर्वीच्या केंद्राला त्यांचें नांव मिळालें.

आर्वीच्या तबकडीची एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. उपग्रह आकाशांत एका जागीं खिळल्यासारखा दिसला तरी तो किंचित् डुलत असतो. त्याच्या डुलण्यामागें तबकडीला जावें लागतें. आवाज क्षीण झाला कीं समजावयाचें, नेम चुकला. मग जरासें इकडे, जरासें तिकडे वळून आवाज पुन्हां भरदार होईतों शोधावयाचें. माप, पडताळा, दुरुस्ती! मी वर ज्याला वेठीचा गडी म्हटलें त्याचीच ही जात. त्या मुलखांतल्या लोकांनीं यंत्रमानव प्रथम पाहिला तो असा, शेतांच्या मधोमध, आणि त्याला यंत्रमानव म्हणावें हें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं.

खोडदचा इतिहास यापुढचा, आणि तो एका माणसाच्या चिकाटीचा आहे. गोविंद स्वरूप यांचा जन्म १९२९ सालीं उत्तर प्रदेशांत झाला. आकाशांतील रेडिओ लहरी ऐकण्याचें शास्त्र ते ऑस्ट्रेलियांत व अमेरिकेंत शिकले आणि परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रुजू झाले. त्यांची पहिली दुर्बीण १९६५ सालीं कल्याणजवळ उभी राहिली. तिच्या ३२ लहान तबकड्या ऑस्ट्रेलियानें काम संपल्यावर देऊन टाकलेल्या होत्या. दुसरी दुर्बीण १९७० सालीं उटकमंडला. ती ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद. तिच्यासाठीं स्वरूपांनीं असा डोंगर शोधला कीं त्याचा उतार त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका असावा. दुर्बिणीचा कणा त्या उतारावर ठेवतांच तो आपोआप पृथ्वीच्या आंसाला समांतर झाला. मग एकाच बाजूनें हळूहळू कलत गेलें कीं तारा दिवसभर दृष्टींत राहतो. डोंगराकडून अर्धें काम करून घेण्याची ही बुद्धि मला शेतकऱ्याच्या बुद्धीसारखी वाटते.

खोडदला अशी सोय नव्हती. तेथें तबकड्या सर्व दिशांना वळावयास हव्या होत्या. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आणि संख्या ३०. त्यांतील १४ एका चौरस किलोमीटरभर जागेंत, आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांट्यांवर दूरवर पसरलेल्या. टोंकांमधलें अंतर २५ किलोमीटरपर्यंत. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्यानें तिचें शीड झालें असतें. तिला धरून ठेवण्यास जड सांगाडा, सांगाडा वळविण्यास जड यंत्रें, आणि या सर्वांस न परवडणारा पैसा. स्वरूपांनीं पत्राच काढून टाकला. पोलादी तारांचे दोर ताणून त्यांना तबकडीचा बांक दिला आणि त्यांवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारेची जाळी बसविली. जाळींतून वारा निघून जातो. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरीला मात्र ती जाळी भिंतीसारखी असते, कारण जाळीचीं भोंकें तिच्या मानानें फार बारीक. १९९० च्या दशकांत हें काम उभें राहिलें आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजीं दुर्बीण जगांतील शास्त्रज्ञांसाठीं समर्पित झाली. गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजीं पुण्यास वारले.

ही तबकडी कशी वळते तें मुलांनीं मुद्दाम समजून घ्यावें. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अभियंत्यांनीं तिच्या हालचालीची यंत्रणा बसविली. तबकडीला दोन तऱ्हांनीं फिरतां येतें: क्षितिजालगत गोल, आणि खालींवर. ती कोणत्या कोनांत आहे हें मापक सतत सांगत असतो; कोठें असावयास पाहिजे हें गणकयंत्र सांगतें; आणि दोहोंतला फरक शून्य होईतों मोटारी चालतात. आतां दांतेरी चाकांत नेहमीं थोडी ढिलाई असते. बैलगाडीचें चाक धरून हलवा, हातभर आवाज होतो तो तिचाच. एवढ्या मोठ्या तबकडीला ती ढिलाई चालत नाहीं. म्हणून एका हालचालीला दोन मोटारी लाविलेल्या आहेत आणि त्या एकमेकींना किंचित् विरुद्ध ओढीत असतात. दांत दांताला चिकटून राहतो. भांडणाचा असा सदुपयोग मी दुसरीकडे पाहिला नाहीं. वारा ताशी ४० किलोमीटरांहून वाढला तर तबकड्या काम सोडून आकाशाकडे तोंड करून उभ्या राहतात.

अशा या कानावर २०१६ सालीं एक निराळें काम आलें. युरोपच्या अवकाश संस्थेनें मंगळाकडे एक उतरणारें यंत्र पाठविलें होतें. त्याचें नांव स्किआपारेल्ली. या नांवाच्या इटालियन ज्योतिषानें १८७७ सालीं मंगळावर रेषा पाहिल्या, त्यांना आपल्या भाषेंत ‘कानाली’ म्हटलें, इंग्रजींत त्याचे ‘कालवे’ झाले, आणि मग ते कालवे कोणीं खोदले यावर जगानें पन्नास वर्षें कल्पना लढविल्या. वास्तविक त्या रेषाहि तेथें नव्हत्या. असो. या यंत्राचा आवाज मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या जवळच्या यानांनीं ऐकावा अशी योजना होती. त्याची लहर सुमारें ४०१ मेगाहर्ट्झची, म्हणजे पाऊण मीटर लांबीची. पृथ्वीवरून ती ऐकावयाची तर त्याच लहरीसाठीं बांधलेला आणि अतिशय मोठा कान हवा. तो खोडदला होता. अमेरिकेच्या नासाचे व आपल्या राष्ट्रीय रेडिओ खगोल-भौतिकी केंद्राचे अभियंते मिळून ऐकावयास बसले.

आवाज नुसता ऐकूं आला असें नव्हे, त्यावरून गति कळत होती. आगगाडी शिटी देत आपल्याकडे येते तेव्हां शिटीचा स्वर चढा लागतो व दूर जाऊं लागली कीं उतरतो, तें तत्त्व. ताशी सुमारें २१ हजार किलोमीटर वेगानें यंत्र हवेंत शिरलें. तापलेल्या वायूच्या वेष्टनांत आवाज थोडा वेळ बुडाला, तें अपेक्षितच होतें. मग तो परत आला. हवाईछत्री उघडली, तेंहि स्वरावरून कळलें. खोडदला आनंद झाला असेल. त्यानंतर जमिनीवर टेंकण्याची वेळ येण्यापूर्वींच शीळ थांबली.

पुढल्या वर्षीं चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तो वाचतांना मन खिन्न होतें. यंत्राचें कांहींहि मोडलें नव्हतें. छत्री उघडतांच त्याला जोराचे हेलकावे बसले. ते मोजणारें साधन आपल्या मापाच्या टोंकाला जाऊन भिडलें व सुमारें एक सेकंद तेथेंच राहिलें. ताणकांट्याला त्याच्या ताकदीबाहेरचें वजन लाविलें म्हणजे कांटा शेवटच्या रेघेला टेंकून राहतो, तसें. गणकयंत्रानें तें एका सेकंदाचें माप खरें मानलें, त्यावरून आपण किती कललों आहों याचा हिशेब मांडला, त्यावरून उंचीचा, आणि उत्तर आलें कीं आपण जमिनीच्याहि खालीं आहों. मग त्यानें पढविलेलें काम इमानानें केलें. छत्री टाकून दिली. वेग मोडणारे अग्निबाण सुमारें तीस सेकंद चालवावयाचे ते तीन सेकंदांत बंद केले. जमिनीवर पोहोंचल्यावर सुरू करावयाचीं उपकरणें सुरू केलीं. त्या वेळीं तें ३.७ किलोमीटर उंच होतें. कळसूबाईच्या शिखराच्या दुपटीहून अधिक. तेथून तें पडलें. दुसऱ्या दिवशीं मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या अमेरिकन यानानें काढलेल्या चित्रांत तांबड्या जमिनीवर एक काळा डाग दिसला.

त्याला कोणी सांगूं शकलें नसतें काय? नाहीं. मंगळाचा आवाज त्या दिवशीं पृथ्वीवर येण्यास ९ मिनिटें ४७ सेकंद लागत होते, आणि हवेंत शिरण्यापासून जमिनीवर येण्याचा सारा खेळ सहा मिनिटांचा. हवेंत शिरल्याची खूण खोडदला ऐकूं आली तेव्हां मंगळावरचा काळा डाग पडून गेला होता.

या कानाची किंमत तेथील मुलूख देतो, हेंहि सांगितलें पाहिजे. दुर्बिणीसाठीं ही जागा निवडली ती चहूंबाजूंच्या डोंगरांमुळें शहरांचा रेडिओ-गोंगाट अडतो म्हणून. ती शांतता टिकावी यासाठीं आसपासच्या मोठ्या कारखान्यांवर बंधनें आहेत. पुणें-नाशिक या नियोजित जलद लोहमार्गाची आखणी नारायणगांवाजवळून होती. दुर्बिणीच्या कामांत व्यत्यय येईल या कारणानें ती बाजूस ठेवून दुसऱ्या वाटेचा विचार झाल्याचें केंद्र सरकारकडून २०२५ सालीं सांगण्यांत आलें. टोमॅटो आणि कांदा पिकविणाऱ्या मुलखाला रेल्वेचें काय मोल असतें तें मीं सांगावयास नको. तेथील लोक विचारतात, “आमच्या शिवारांत बसून तुम्ही विश्व ऐकतां, आमच्या पोरांना त्यांतलें काय मिळतें?” या प्रश्नाला उद्धट म्हणून झटकून टाकणारे शहाणे मला भेटले आहेत. मला तो प्रश्न रास्त वाटतो.

दरवर्षीं २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदचें आवार उघडें होतें. १९२८ सालीं याच दिवशीं रामन् यांनीं आपला शोध जाहीर केला, म्हणून हा दिवस. जुन्नर, आंबेगांव आणि दूरदूरच्या तालुक्यांतून हजारों मुलें येतात, आपआपलीं यंत्रें मांडतात. अलीकडे त्यांत छोट्या रोबॉट गाड्या फार. येथें एक गंमत आहे. त्या गाड्यांतल्या स्वस्त मोटारींत सूक्ष्म ठिणग्या उडत असतात, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे रेडिओ-गोंगाट. दूरच्या यंत्रमानवाची शीळ ज्या कानानें ऐकली, त्याच्या दृष्टीनें उंबऱ्यांतला हा छोटा यंत्रमानव म्हणजे कानाशीं वाजणारा ढोल! ही विसंगति कोणी मुलांना समजावून सांगितली तर एका ठिणगींत अर्धें विद्युत्शास्त्र शिकवून होईल. मीं पाहिलें त्या वर्षीं तरी तिकडे कोणाचें लक्ष नव्हतें. एका शाळेची गाडी मेजाच्या कडेपर्यंत जाऊन वळावयाची होती, ती न वळतां खालीं पडली. शिक्षकांनीं घाईघाईनें ती उचलून चादरीखालीं लपविली आणि पाहुण्यांना शेजारची दाखविली. मला त्या चादरीखालचीच पाहावयाची होती. ती कां पडली हें त्या मुलांना त्या दिवशीं कळलें असतें, तर बक्षीस न मिळतांहि त्यांचें काम झालें असतें.

सध्यां तयार भागांचे डबे विकत मिळतात. पुस्तकांत पाहून भाग जोडले कीं गाडी चालते, टाळ्या पडतात, आणि डबा कपाटांत जातो. मी त्यांचा शत्रु नाहीं. पण किंमतीच्या मानानें त्यांतून मिळणारें ज्ञान थोडें. आंबेगांवच्या शेजारीं, शिरूर तालुक्यांतल्या पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला. मोठ्या कंपनींतलें संशोधनाचें काम सोडून ते या कोरडवाहू गांवांत येऊन राहिले. त्यांचें म्हणणें असें कीं हातानें काम केल्यावांचून डोकें चालत नाहीं. मुलानें लोखंड जोडावें, वीज जोडावी, गांवाच्या उपयोगाची वस्तु करावी, आणि त्या ओघांत शास्त्र शिकावें. २००२ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या प्रख्यात संस्थेच्या साहाय्यानें तेथें ‘फॅब लॅब’ म्हणजे हवी ती वस्तु घडविण्याची अद्ययावत् कार्यशाळा उघडली. त्या देशाबाहेरच्या अगदीं पहिल्यांपैकीं ती होती. म्हणजे मार्ग ठाऊक नाहीं अशी सबब या भागाला सांगतां येणार नाहीं.

आणि मार्गाला नेहमीं पैसा लागतो असेंहि नाहीं. आंबेगांव तालुक्याच्या डोंगराळ भागांतल्या एका प्राथमिक शाळेंत मीं एक खेळ पाहिला. (आंबेगांव हें मूळ गांव डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेलें, तालुक्याला नांव तेवढें राहिलें. तें पाणी या शाळेच्या पायरीवरून दिसतें.) खेळ म्हणजे आपली आंधळी कोशिंबीर, पण बाईंनीं त्यांत फेरफार केला होता. ज्याचे डोळे बांधले तो मुलगा गाडी. एक मुलगी हुकूम देणार. प्रथम तिनें तोंडीं हुकूम दिले: दोन पावलें पुढें, डावीकडे वळ. गाडी अंगण ओलांडून गेली. बाई म्हणाल्या, “हा चंद्र.” मग त्यांनीं तिला पाठमोरी उभी केली, सारे हुकूम एका कागदावर आधीं लिहून घेतले, आणि ते वाचून होण्यापूर्वीं गुपचूप एक पाण्याची बादली वाटेंत सरकवली. गाडी बादलींत! मुलें हंसून लोटपोट झालीं. बाई म्हणाल्या, “हा मंगळ.”

तेव्हां मुलांनीं आपण होऊन मागणी केली कीं गाडीला काठी द्या. काठी दिली. काठीला कांहीं लागलें तर थांब, उजवीकडे सरक, पुन्हां चाल, एवढा एक नियम सांगितला. गाडी बादली चुकवून गेली. दहा मिनिटांत त्या पोरांनीं लुनोखोदपासून मंगळापर्यंतची वाट चालून संपविली होती. एकानें विचारलें कीं आपल्या प्रज्ञानला काठी होती का. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलें होतें तें त्यांना चांगलें ठाऊक होतें. मीं सांगितलें कीं त्या सहा चाकांच्या, २६ किलो वजनाच्या गाडीला कॅमेऱ्याचे डोळे होते. २७ ऑगस्टला तिच्यापुढें तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा आला, तो चित्रांत दिसला, आणि बंगळूरहून हुकूम गेला कीं आल्या वाटेनें मागें फीर. चंद्र जवळचा, म्हणून हुकूम वेळेवर पोहोंचला. मुलांना तें पटलें.

मग मीं त्यांना स्किआपारेल्लीची गोष्ट सांगितली. त्याची शीळ डोंगरापलीकडच्या खोडदला ऐकूं आली होती हेंहि सांगितलें. तो भाग ऐकून तीं ताठ बसलीं. त्यांतल्या कित्येकांनीं त्या तबकड्या एस.टी.च्या खिडकींतून पाहिल्या होत्या, पण त्या कशाच्या हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. काठीनें खोटें सांगितलें आणि गाडीनें तें खरें मानलें, असें मीं गोष्टीचें तात्पर्य सांगून टाकलें.

हुकूम देणारी ती मुलगी कांहीं वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजोबा, त्याला दुसरी काठी नव्हती का?”

होती. जमिनीकडे लहरी सोडून उंची मोजणारें रडार त्या यंत्रांत होतें, तें अखेरपर्यंत चालूं होतें, आणि त्याचें माप बरोबर होतें. मीं तसें सांगितलें.

“मग दोन काठ्या दोन सांगायला लागल्या तर कोणाचं ऐकायचं, हें त्याला आधीं नव्हतं का शिकवलं?”

बाईंनीं घंटा द्यावयास एका मुलाला पाठविलें होतें. त्यांनीं त्याला परत बोलाविलें. अंगणांत पुन्हां बादली ठेवली गेली, या खेपेस डोळे बांधलेल्या मुलाच्या दोन्ही हातांत काठ्या दिल्या, आणि ती मुलगी भिंतीकडे तोंड करून नवा कागद लिहावयास बसली.